‘आम्ही मध्यमवर्गीय’ म्हणणाऱ्यांना काय विचारावे?

प्रश्न : आमचे समाजशास्त्राचे विद्यार्थी तालुक्याच्या गावी आर्थिक विषमतेबद्दल लोकांची मते विचारणार आहेत. आधी २० घरांत चाचणी घेतली. ‘तुमचा वर्ग कोणता?’ यावर रिक्षाचालक आणि कापड दुकानदार दोघांनीही ‘मध्यम’ सांगितले. काय बदलावे?
– एक प्राध्यापिका, जि. सांगली

उत्तर : वर्गाचे नाव विचारूच नका. १० पायऱ्यांच्या शिडीचे चित्र हातात द्या. सर्वांत वरची पायरी देशातल्या सर्वांत सुस्थितीतल्या माणसांची, खालची सर्वांत हलाखीतल्यांची. ‘तुमचे घर कितव्या पायरीवर?’ असे विचारा. लोक तरीही ५ आणि ६ भोवती गोळा होतील, कारण प्रत्येकजण स्वतःला गल्लीतल्या, नात्यातल्या माणसांशी ताडतो. म्हणून दुसरी शिडी फक्त गावाची द्या. दोन्ही उत्तरांतला फरक हीच तुमची खरी माहिती.

मग पगाराचे प्रश्न. इंटरनॅशनल सोशल सर्व्हे प्रोग्रॅम या अनेक देशांत होणाऱ्या सर्वेक्षणाच्या विषमतेवरील पाहण्यांत १९८७पासून ही रीत आहे : कारखान्यातला अकुशल कामगार, डॉक्टर, मोठ्या कंपनीचा प्रमुख यांना किती मिळत असेल, आणि किती मिळायला हवे? प्रमुखाच्या रकमेला कामगाराच्या रकमेने भागा. एखादा ५० कोटी सांगतो आणि सरासरी बिघडते, तेव्हा मध्यक, म्हणजे उत्तरे चढत्या क्रमाने लावल्यावर बरोबर मधे येणारा आकडा, घ्या.

उत्पन्न मात्र अगदी शेवटी विचारा. ‘लाडकी बहीण’ योजनेची कुटुंबासाठीची मर्यादा अडीच लाख, आर्थिक दुर्बल घटकाच्या दाखल्याची आठ लाख. त्यामुळे उत्तरे या आकड्यांच्या किंचित खाली साचतात. उत्पन्नगटांच्या सीमा तिथे ठेवू नका. नाव लिहून घेणार नाही आणि याचा कुठल्याही योजनेशी संबंध नाही, हे आधीच सांगा. शिधापत्रिकेच्या रंगावरूनही अंदाज बांधू नका : वार्षिक एक लाखाच्या वर पांढरे कार्ड, त्यामुळे बेताच्या पगाराचा शिपाई आणि सराफ एकाच रांगेत बसतात. आणि मोलकरणीची मुलाखत मालकिणीच्या घरात कधीच घेऊ नये. तिथे ती पगाराबद्दल मोकळेपणाने बोलूच शकत नाही.

प्रश्न : वर्षाला तीन लाख मिळवणारा देशातल्या वरच्या १० टक्क्यांत येतो असे वाचले. हे कसे शक्य आहे?

उत्तर : शक्य आहे. विषमतेचा अभ्यास करणाऱ्या वर्ल्ड इनइक्वॅलिटी लॅब या संशोधन संस्थेच्या २०२४च्या निबंधानुसार २०२२-२३मध्ये वरच्या १० टक्क्यांत येण्याची सीमा सुमारे २.९ लाख रुपये होती आणि वरच्या १ टक्क्याची सुमारे २०.७ लाख. हिशेब दर प्रौढ माणशी, कर वजा होण्यापूर्वीचा. म्हणून घरच्या एकूण उत्पन्नाला घरातल्या प्रौढांच्या संख्येने भागा. एकट्याचा पगार ताडून चालणार नाही. त्याच निबंधात वरच्या १ टक्क्याचा उत्पन्नातला वाटा २२.६ टक्के आणि संपत्तीतला ४०.१ टक्के आहे. वरच्या १० टक्क्यांत बसूनही माणसाला आपण सामान्य वाटतो, याचे कारण या १ टक्क्यात आहे.

प्रश्न : विषमता फार आहे म्हणणारेच करवाढीला विरोध का करतात?

उत्तर : या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या वेगळ्याच विचाराव्यात. अमेरिकेतल्या प्रयोगांत विषमतेचे आकडे दाखवल्यावर काळजी बरीच वाढली, धोरणाबद्दलची मते फारशी हलली नाहीत. वारसा कर हा ठळक अपवाद : त्याला पाठिंबा बराच वाढला. आपले स्थान समजते त्यापेक्षा खाली आहे, हे कळल्यावर अर्जेंटिनातल्या ब्वेनोस आयर्समधील लोकांचा पुनर्वाटपाला, म्हणजे श्रीमंतांकडून घेऊन गरिबांना देण्याला, पाठिंबा वाढला. उलट स्वीडनमध्ये आपण समजत होतो त्यापेक्षा वर आहोत हे कळलेल्यांचा, मुख्यतः उजव्या कलाच्या लोकांचा, पाठिंबा घटला.

आपल्याकडे वारसा कर १९८५मध्ये आणि संपत्ती कर २०१५च्या अर्थसंकल्पात गेला. प्रश्नावलीत नुसते ‘संपत्ती कर’ लिहिले तर अनेकांना घरपट्टी वाटेल आणि ते ‘नको’ म्हणतील. ‘१० कोटींहून जास्त मालमत्ता असलेल्यांवर वर्षाला १ टक्का’ असे पूर्ण लिहा आणि पैसा कशावर खर्च होईल तेही सांगा. निम्म्या घरांना खर्चाचा उल्लेख असलेला, निम्म्यांना नसलेला प्रश्न चिठ्ठ्या टाकून द्या. मग विरोध कराला आहे की सरकार पैसा नीट खर्चणार नाही या शंकेपोटी आहे, याचा चांगला अंदाज येईल.