आरटीईच्या सोडतीत नाव लागलं, पडताळणीत अर्ज बाद झाला: चूक कार्यालयाची असेल तर

‘सोडतीत मुलीचं नाव लागलं होतं. पडताळणीला गेलो तर उत्पन्न जास्त आहे म्हणून अर्ज बाद केला. आम्ही तर जातीच्या दाखल्यावर अर्ज भरला होता. आता काही होऊ शकतं का?’

आरटीईची, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याखालच्या शाळाप्रवेशाची सोडत निघाली की हा प्रश्न थोड्याफार फरकाने येतोच. कुणाच्या नावात एक अक्षर इकडचं तिकडे झालेलं असतं, कुणाचा भाडेकरार चालत असूनही नाकारलेला असतो. वरचा प्रश्न सुनीताचा. नाव आणि ओळखीचे तपशील बदलले आहेत. ती पुण्याच्या एका उपनगरात राहते, पोळ्यांची कामं करते, नवरा टेम्पो चालवतो. ‘ताई, माझंच काहीतरी चुकलं,’ हे तिचं पहिलं वाक्य होतं. घरीही तिला तेच ऐकवलं गेलं होतं. शिकलेली नाहीस, फॉर्म नीट भरला नसशील, वगैरे.

अशा वेळी धीर देण्याआधी कागद बघावेत. चूक नेमकी कुणाची हे कळल्याशिवाय दिलेला धीर दुसऱ्या दिवशी कार्यालयाच्या खिडकीपाशी गळून पडतो. सुनीताच्या फाइलमध्ये अर्जाची प्रिंट, अलॉटमेंट लेटर (सोडतीत शाळा मिळाल्याचं पत्र), हमीपत्र, जन्मदाखला, रेशन कार्ड आणि वडिलांचा इतर मागास वर्गाचा जातीचा दाखला होता. शिवाय तहसील कार्यालयाचा 1,80,000 रुपयांचा उत्पन्नाचा दाखला. हा शेवटचा कागद कुणी मागितला नव्हता. असू दे जवळ, म्हणून तिने तो लावला होता. घोळ तिथेच झाला.

आरटीईखाली खासगी शाळांत राखून ठेवलेल्या 25 टक्के जागांसाठी महाराष्ट्रात दोन गट आहेत. दुर्बल गटातून अर्ज केला तर कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न एक लाख रुपयांच्या आत लागतं. वंचित गटात अनुसूचित जाती, जमाती, भटक्या विमुक्त जाती, इतर मागास वर्ग, विशेष मागास प्रवर्ग, दिव्यांग बालकं वगैरे येतात. जातीच्या आधारावर वंचित गटातून अर्ज केला असेल तर उत्पन्नाचा दाखला लागतच नाही. पडताळणीच्या टेबलावर गर्दी असते, समोरचा माणूस फाइल चाळतो, उत्पन्नाचा आकडा एक लाखाच्या वर दिसतो आणि शेरा पडतो. अर्ज कोणत्या गटातून आलाय हे बघायचं राहून जातं. म्हणून पालकांना आमचं कळकळीचं सांगणं आहे: मागितलेत तेवढेच कागद द्या. जादा कागदाने फाइल भक्कम होत नाही, उलट नाकारायला एक कारण वाढतं.

सुनीताच्या अर्जाच्या प्रिंटवर ‘वंचित’ स्पष्ट छापलेलं होतं. म्हणजे चूक तिची नव्हती. हे तिला कागदावर बोट ठेवून दाखवलं, आणि संध्याकाळी नवऱ्यालाही तसंच दाखवायला सांगितलं. घरातली धुसफूस मिटल्याशिवाय कार्यालयाशी भांडायला बळ राहत नाही.

प्रत्येक बाद अर्जामागे कार्यालयाचीच चूक असते असं मात्र नाही, आणि ते पालकांना आधीच स्पष्ट सांगावं लागतं. नकाशावर घराची खूण भलत्या ठिकाणी लावली आणि त्यामुळे शाळा जवळची दिसली, तर कागद तपासणाऱ्या पडताळणी समितीने अर्ज बाद करणं योग्यच. एका मुलाचे दोन अर्ज भरले असतील तर तेही अंगाशी येतं. भाडेकरार दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेला नसेल किंवा अर्ज भरल्यानंतरच्या तारखेचा असेल, तर दाद मागण्यात वेळ घालवण्यात फारसा अर्थ नाही. पण अर्ज बरोबर, कागद बरोबर, आणि तरीही शेरा चुकीचा असेल, तर हातावर हात ठेवून बसू नका.

त्याच दिवशी करायचं पहिलं काम म्हणजे पुरावा गोळा करणं. आरटीई प्रवेशाच्या पोर्टलवर अर्ज क्रमांक टाकून सद्यस्थिती उघडा आणि शेऱ्यासकट स्क्रीनशॉट घ्या, तारीख-वेळ दिसेल असा. फक्त एसएमएसवर विसंबू नका. समितीकडे नाकारण्याचं कारण लेखी मागा. ‘लेखी मिळत नाही’ असं उत्तर आलं तर ते कोणत्या तारखेला, कोणत्या टेबलावर मिळालं ते टिपून ठेवा.

मग अर्ज. इथे बहुतेकांची गाडी घसरते. ‘आम्ही गरीब आहोत, कृपया सहानुभूतीने विचार करावा’ अशी दोन पानं लिहिली जातात आणि चूक कुठे झाली हे त्यात सापडतच नाही. वाचणाऱ्यालाही मग तो विनंतीअर्ज वाटतो आणि ढिगात जातो. दया मागू नका, दुरुस्ती मागा. सुनीताच्या अर्जाचा मजकूर एवढाच होता:

‘विषय: अर्ज क्र. ____ चुकीच्या कारणाने अपात्र ठरवल्याबाबत, दुरुस्ती होण्यासाठी.
माझ्या मुलीची ____ शाळेत इयत्ता पहिलीसाठी सोडतीत निवड झाली आहे. अर्ज वंचित गटातून (इतर मागास वर्ग) भरला आहे. दि. ____ रोजी पडताळणीत ‘उत्पन्न मर्यादेपेक्षा जास्त’ या कारणाने अर्ज अपात्र ठरवला. वंचित गटातील या प्रवर्गास उत्पन्नाची अट लागू नाही. तरी नोंद दुरुस्त करून प्रवेश निश्चित करावा. निर्णय होईपर्यंत ही जागा प्रतीक्षा यादीतील दुसऱ्या बालकास देऊ नये.
सोबत: अर्जाची प्रिंट, अलॉटमेंट लेटर, जातीचा दाखला, पोर्टलवरील शेऱ्याची प्रत.’

शेवटून दुसरं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. नियमित फेरीची मुदत संपली की रिकाम्या जागांवर प्रतीक्षा यादीतल्या मुलांना बोलावतात. एकदा दुसऱ्या मुलाचा प्रवेश झाला की तो काढून घ्यायला कुणीही धजावत नाही, आणि त्या मुलाचा काही दोष नसल्यामुळे तसं व्हावं असं आम्हालाही वाटत नाही. म्हणून तुमची हरकत प्रतीक्षा यादी लागण्याआधी आवक नोंदवहीत चढायला हवी.

मूळ अर्ज पडताळणी समितीच्या अध्यक्षांना आणि प्रत जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकारी (प्राथमिक) यांना द्या. महापालिका हद्दीत असाल तर महापालिकेच्या शिक्षण विभागालाही. आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. कुणी घेतच नसेल तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपा. शाळेच्या मुख्याध्यापकांनाही एक प्रत द्यावी, म्हणजे जागेवर वाद आहे हे शाळेला माहीत राहतं. शाळेशी भांडू मात्र नका. समितीची मंजुरी नसेल तर शाळेला प्रवेश देता येत नाही, त्यामुळे तिथला राग वाया जातो.

सुनीताला आधी ‘बघतो’, मग ‘साहेब मीटिंगला गेलेत’ अशी उत्तरं मिळाली. ती चिडली, रडली, घरी बसते म्हणाली. पण शिक्का मारलेली प्रत घेऊन शिक्षणाधिकारी कार्यालयात गेल्यावर तिथल्या लिपिकाने अर्जाची प्रिंट आणि शेरा शेजारी ठेवून पाहिला, आणि चूक त्याच्या लगेच लक्षात आली. वरून सूचना गेली, नोंद दुरुस्त झाली आणि प्रतीक्षा यादी उघडण्याआधी प्रवेश पक्का झाला.

इतकं सरळ झालं नाही तर पुढचा रस्ता कायद्यात आहे. शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 32 नुसार स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते. म्हणणं मांडण्याची संधी देऊन 3 महिन्यांत निर्णय द्यावा लागतो, आणि तो पटला नाही तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येतं. प्रवेशाच्या हंगामात 3 महिने फार होतात, म्हणून दुरुस्तीचा अर्ज आधी आणि कलम 32 ची तक्रार पाठोपाठ, असा क्रम ठेवावा. माहितीच्या अधिकारात 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून पडताळणीच्या नोंदीची प्रत मागता येते. उत्तराला 30 दिवसांची मुदत असते, तेव्हा हा अर्जही लवकर टाका. उच्च न्यायालयात जायची वेळ आली तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात आधी चौकशी करा. महिला आणि बालकं मोफत विधी सहाय्याला पात्र असतात.

‘शाळा सुरू झाली, आता संपलं,’ असंही अनेकांना वाटतं. 2024 मध्ये राज्य सरकारने आरटीईच्या नियमात केलेला बदल मुंबई उच्च न्यायालयाने 19 जुलैला रद्द केला आणि सोडतीचे निकाल त्यानंतर लागले. म्हणजे जून उलटल्यावरही त्या वर्षीचे प्रवेश झाले. कायद्याच्या कलम 15 प्रमाणे उशिरा आलेल्या मुलालाही प्रवेश नाकारता येत नाही.

तोवर मुलीचं काय? त्याच शाळेत फी भरून ‘तात्पुरता’ प्रवेश घेऊ नका, असा आमचा सल्ला आहे. भरलेली फी परत मिळवणं अवघड, आणि तुमची निकड संपली असा अर्थ काढला जातो तो वेगळाच. मुलीला शाळेचं नाव, गणवेशाचा रंग आत्ताच सांगत बसू नका. ‘तुझी शाळा ठरतेय’ एवढं पुरे. ‘साहेब डूख धरतील, पुढे मुलीला त्रास होईल’ ही भीती सुनीतालाही होती. पडताळणी समिती आणि शाळा वेगवेगळ्या असतात. समितीने नोंद दुरुस्त केली की तिचा मुलीशी संबंध संपतो, आणि शाळेच्या हाती मंजूर झालेला अर्ज पडतो.