तुमचे प्रश्न : बर्फातले बाण, माशा आणि कसर

मागच्या अंकात आपण वितळणाऱ्या बर्फातून बाहेर येणाऱ्या जुन्या वस्तूंबद्दल वाचलं, त्यावर बरीच पत्रं आली. त्यातले तीन प्रश्न घेतेय.

ताई, नॉर्वेत एवढ्या उंच डोंगरावरच्या बर्फात बाण सापडतात, पण माणसं शिकारीला तिथे जायचीच कशाला? खाली जंगल नव्हतं का? – सातवीतला वाचक, सातारा

एकदम मुद्द्याचा प्रश्न विचारलास, आणि उत्तर आहे माशा! जंगल होतं रे, पण ज्यांची शिकार व्हायची ते रेनडिअर, म्हणजे थंड प्रदेशातली हरणं, उन्हाळ्यात खाली थांबायला तयार नसतात, कारण डास तर असतातच पण त्यांच्या जिवावर उठलेल्या दोन प्रकारच्या माशा असतात. एक माशी त्यांच्या केसांवर अंडी घालते, अळी निघाली की ती कातडीत घुसते, अख्खा हिवाळा पाठीच्या कातडीखाली काढते आणि मग कातडीला भोक पाडून बाहेर पडते. दुसरी तर उडता उडता थेट नाकपुडीत बारीक बारीक अळ्या फवारते. विचार कर, त्या जनावराचं काय होत असेल! पण या माशांना गारठा आणि वारा सोसत नाही, म्हणून दुपारी ऊन तापलं की कळपच्या कळप वर चढून बर्फाच्या पट्ट्यावर जाऊन उभे राहतात, आजही राहतात.

शिकाऱ्यांना हे पक्कं माहीत होतं. ते काय करायचे, साधारण मीटरभर लांबीच्या काठीच्या टोकाला लाकडाची पातळ चकती दोरीने सैल बांधायचे, वाऱ्यावर ती फडफडत राहायची. अशा काठ्या ओळीने रोवल्या की रेनडिअर बिचकून त्या बाजूला जायचेच नाहीत आणि नेमके जिथे शिकारी दबा धरून बसलेत तिकडे वळायचे. नेम चुकला की बाण बर्फात, आणि तिथेच राहिला. लांगफोन्ने नावाच्या एकाच बर्फाच्या पट्ट्यात 68 बाण सापडलेत, त्यातले सगळ्यात जुने सुमारे 6000 वर्षांपूर्वीचे! एक गोष्ट लक्षात ठेव, हे पट्टे मोठ्या हिमनदीसारखे सरकत नाहीत, हिमनदी सरकताना आतल्या वस्तूंचा चुरा करते, हे मात्र जागच्या जागी असतात म्हणून बाणाची पिसंसुद्धा टिकतात.

कॅनडातल्या युकॉनमध्येही हीच गोष्ट. तिथल्या रेनडिअरच्या भाऊबंदांना कॅरिबू म्हणतात. 1997 साली एका डोंगरावर वितळत्या बर्फाच्या कडेला त्यांच्या लेंड्यांचा मोठाच्या मोठा थर उघडा पडलेला दिसला, आणि नवल म्हणजे त्या भागात तेव्हा कॅरिबू राहिलेच नव्हते. तिथेच भाल्यासारख्या फेकायच्या शस्त्राचा तुकडा मिळाला, त्याचं वय भरलं 4300 वर्षांच्या आसपास. म्हणजे शोध लागला तो लेंड्यांमुळे, आणि लेंड्या तिथे पडल्या त्या किड्यांमुळे.

आल्प्समधल्या ओट्झीच्या अंगावर उवा होत्या का? – पाचवीतली वाचक, डोंबिवली

ओट्झी म्हणजे आल्प्सच्या बर्फात सापडलेला हजारो वर्षांपूर्वीच्या माणसाचा गोठलेला मृतदेह. त्याच्या कपड्यांत पिसवा सापडल्या, दोन. आणि पोटात जंतांची अंडी पण मिळाली, त्यामुळे बिचाऱ्याचं पोट दुखत असणार. त्याच्याजवळ चामड्याच्या पट्टीत ओवलेले बर्चच्या झाडावरच्या बुरशीचे तुकडे होते, काही अभ्यासकांना वाटतं की ते जंतांवरचं औषध असेल. तसं असेल तर 5300 वर्षांपूर्वीची जंतनाशक गोळीच ती, पण दुसरी कारणं मांडणारे अभ्यासकही आहेत तेव्हा परीक्षेत ठामपणे लिहू नकोस हं. आता ओट्झी इटलीत बोल्झानोच्या म्युझियममध्ये उणे 6 अंशांवर ठेवलेला आहे.

बर्फातून काढलेल्या वस्तूंना म्युझियममध्ये कीड लागत नाही का? आमच्याकडे आजोबांच्या लोकरीच्या शालीला कसर लागली. – आठवीतली वाचक, नाशिक

लागू शकते, आणि मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते. नॉर्वेत लेंडब्रेन इथे 2011 साली एक लोकरीचा अंगरखा मिळाला, साधारण 1700 वर्षांपूर्वीचा, चक्क ठिगळं लावलेला. बर्फात होता तोवर त्याला ना बुरशी ना किडा. बर्फ वितळला की मात्र लोकर, चामडं, पिसं सगळं कुजायला लागतं, म्हणून तिथल्या वस्तू शोधणारी संशोधकांची टीम ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, म्हणजे जुना बर्फ सगळ्यात कमी असतो आणि नवा पडलेला नसतो तेवढ्या थोड्या दिवसांत, डोंगर पिंजून काढते. आणि कपाटात गेल्यावरही कसरीचे किडे लोकरीवर टपलेलेच असतात. खातात त्या अळ्या बरं का, उडणारा बारीक पतंग काहीच खात नाही, तो फक्त अंडी घालतो, त्यामुळे पतंग दिसला याचा अर्थ अळ्या आधीच कुठेतरी जेवून झाल्यात.

पूर्वी म्युझियमवाले आर्सेनिकसारखी विषं वापरायचे, ती आजही जुन्या पेंढा भरलेल्या प्राण्यांवर आहेत आणि हाताळणाऱ्यांना त्रासदायक ठरतात. आता आधी चिकट सापळे लावून कोण येतंय ते बघतात, स्वच्छता ठेवतात, आणि कीड लागलीच तर वस्तू गोठवतात, उणे 30 अंशांवर तीनेक दिवस किंवा उणे 20 ला आठवडा-दोन आठवडे. आई रवा फ्रीजमध्ये ठेवते ना, तेच तत्त्व, फक्त जास्त कडक. थंडी झटकन द्यावी लागते, हळूहळू दिली तर किडे तिला सरावतात.

आजोबांच्या शालीला तू हे करू शकतेस. शाल आधी चांगली झटक, प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून घट्ट बांध आणि डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेव. बाहेर काढल्यावर लगेच उघडू नकोस, पिशवी खोलीइतकी गरम होईपर्यंत एक दिवस तशीच राहू दे, नाहीतर हवेतलं पाणी लोकरीवर जमेल. ट्रंकही आधी पुसून, कोपऱ्यांतली धूळ काढून उन्हात ठेव, नाहीतर त्यातली अंडी परत शालीवर येतील. डांबरगोळ्या मात्र लहान बाळाच्या कपड्यांजवळ अजिबात नको.