700 थाई शब्द पाठ आहेत, पण 26 नंबरच्या लेण्यात तोंडच उघडलं नाही

हाय, तुझं पत्र दोनदा वाचलं. नाव देऊ नका म्हणालीस म्हणून देत नाहीये, पण बाकीच्या मुलांना कळावं म्हणून थोडक्यात सांगते. तू छत्रपती संभाजीनगरला टूरिझमच्या शेवटच्या वर्षाला आहेस, पाच महिने एका अ‍ॅपवर थाई शिकतेयस, 700 शब्द झाले असं अ‍ॅप म्हणतं. डिसेंबरमध्ये अजिंठ्याला, 26 नंबरच्या लेण्यात, थाई भाविकांचा एक ग्रुप भेटला, तू मोठ्या हौसेने "सवातदी खाप", म्हणजे नमस्कार, म्हणालीस, त्या आजी गोड हसल्या, त्यांनी तुला काहीतरी विचारलं आणि तुला एक शब्द कळला नाही. घरी आल्यावर बाबा म्हणाले, सोड हे, जर्मन कर, नोकरी तरी लागेल. आता तू विचारतेयस की सोडू का.

सोडू नकोस. पण शिकायची पद्धत मात्र बदल, आणि ती आजपासूनच बदल.

आधी त्या हसण्याचं सांगते कारण ते तुझ्या मनाला लागलेलं दिसतंय. "खाप" हा पुरुषाने वाक्याच्या शेवटी लावायचा आदराचा शब्द आहे. बाईने "खा" म्हणायचं. त्यातही सांगताना आवाज वरून खाली सोडायचा आणि प्रश्न विचारताना "खा" आखूड आणि वरच्या पट्टीत ठेवायचा. तू बहुतेक एखाद्या मुलाचे व्हिडिओ बघून शिकलीस. आपल्याकडे कोणी परदेशी मुलगी येऊन "मी आलो" म्हणाली तर आपण जसं कौतुकाने हसू, तशा त्या हसल्या असणार. त्यांना तुझं बोलणं आवडलं म्हणून तर पुढचा प्रश्न विचारला ना.

आता मुद्द्याचं. तुझे 700 शब्द कुठले आहेत ते तूच यादी करून पाठवलंयस आणि त्यात पेंग्विन आहे, जिराफ आहे, स्केटिंग आहे. "पायऱ्या" नाही, "चप्पल काढा" नाही, "दमलात का" नाही. गाइडला जे दिवसातून पन्नास वेळा लागतं ते आधी हवं. "बन्दाय" म्हणजे जिना. "थॉत रॉङ थाओ" म्हणजे चपला-बूट काढा. "रवाङ हुआ" म्हणजे डोकं सांभाळा, आणि लेण्यांच्या ठेंगण्या दारांपाशी हे तुला रोज लागणार. "न्युआय माय" म्हणजे दमलात का, आणि सत्तरीच्या आजीला हे तिच्या भाषेत विचारलंस की पुढचा अख्खा दिवस ती तुझा हात सोडणार नाही. "हॉङ नाम यू थी नाय" म्हणजे बाथरूम कुठे आहे, हे वाक्य तुला बोलायचं कमी आणि ऐकायचं जास्त आहे, म्हणून ते कानाला ओळखीचं करून ठेव.

यातला "नाम" बघ. नाम म्हणजे पाणी. हॉङ म्हणजे खोली, म्हणून हॉङ नाम म्हणजे पाण्याची खोली, बाथरूम. मॅ नाम म्हणजे पाण्याची आई, म्हणजे नदी. नाम ता म्हणजे डोळ्यातलं पाणी, अश्रू. नाम खॅङ म्हणजे कडक पाणी, बर्फ. नाम फ्युङ म्हणजे मधमाशीचं पाणी, मध. थाईत शब्दाला शब्द जोडून नवीन शब्द होतो, त्यामुळे सुटे शब्द पाठ करण्यापेक्षा असे कामाचे पन्नास-साठ तुकडे पक्के केलेस तर त्यांना धरून बाकीचे आपोआप येतात. "चाइ" म्हणजे मन, "खाओ चाइ" म्हणजे मनात शिरलं, अर्थात समजलं. "चाइ दी" म्हणजे मनाने चांगला माणूस आणि तेच उलटं करून "दी चाइ" म्हटलं की आनंद झाला. हे मला फार सुंदर वाटतं, अजूनही.

आता सूर. थाईत पाच सूर आहेत आणि सूर हा शब्दाचाच भाग आहे, वरून लावायची गोष्ट नाही. आपण "हो" हा एकच शब्द चार प्रकारे म्हणतो, शंकेने, रागाने, कंटाळून, पण अर्थ हो-च राहतो. तिथे "खाओ" खाली पाडून म्हटलं की भात, खालून वर नेलं की पांढरा आणि खालच्या पट्टीत सपाट ठेवलं की बातमी. गाइडसाठी सगळ्यात धोक्याची जोडी म्हणजे "क्लाय". सरळ मधल्या सुरात म्हटलं की लांब, आणि वरून खाली पाडलं की जवळ! म्हणजे जवळ आणि लांब यात फरक फक्त सुराचा. गुडघे दुखणाऱ्या माणसाला तू जवळ म्हणायला गेलीस आणि लांब ऐकू आलं तर तो बसमधून उतरणारच नाही. यावर उपाय असा की जवळ सांगायचं असेल तेव्हा तो शब्द दोनदा म्हण, "क्लाय क्लाय", तिकडचे लोकही तसंच म्हणतात, आणि पुढे मिनिटं जोड, "हा नाथी", पाच मिनिटं.

वेळेवरून माझी स्वतःची एक चूक सांगते, ती आठवली की आजही वाईट वाटतं. मी बँकॉकमध्ये दोन वर्षं होते तेव्हा पुण्याहून आलेल्या ज्येष्ठांच्या एका ग्रुपला मदत करत होते. ड्रायव्हर म्हणाला बस "सॉङ थुम"ला येईल. सॉङ म्हणजे दोन, म्हणून मी सगळ्यांना दुपारी दोनला लॉबीत आणून बसवलं, काहीजणांची औषधं वर खोलीत राहिलेली, जेवणं घाईत उरकलेली, दीड तासाने फोन लावला तेव्हा कळलं की सॉङ थुम म्हणजे रात्रीचे आठ. संध्याकाळी सातपासून तिथे परत एकपासून मोजतात, सात म्हणजे नुङ थुम, आठ म्हणजे सॉङ थुम, अकरा म्हणजे हा थुम. आकडे मला शंभरपर्यंत पाठ होते गं, पण घड्याळ येत नव्हतं. म्हणून सांगते, आकडे शिकलीस की त्याच आठवड्यात वेळ, पैसे आणि तारखा पण शिक.

तारखांमध्ये तर तुला मजा येईल. तिथलं साल बुद्ध संवताचं, आपल्या इसवी सनात 543 मिळवायचे, 2025 म्हणजे तिकडे 2568. महिने राशींवरून आहेत, मकराखोम म्हणजे जानेवारी, सिंहाखोम ऑगस्ट, कन्यायोन सप्टेंबर. शेवटी "खोम" असेल तर 31 दिवस, "योन" असेल तर 30. रविवार आथित म्हणजे आदित्य, मंगळवार आङखान म्हणजे आपला अंगारक. बुकिंगच्या कामात हे लागतंच.

आणि इथेच मराठी मुलीला जो फायदा आहे तो इंग्रजीतून शिकवणारं कुठलंही अ‍ॅप सांगत नाही. थाईत पाली-संस्कृतातले शब्द ढिगाने आहेत, फक्त उच्चार बदललाय, आणि तो कसाही नाही तर बऱ्यापैकी नियमाने. ग चा ख होतो, द चा थ, ब-भ चा फ, उलट त चा द आणि प चा ब. शब्दाच्या शेवटी र-ल आला की न, आणि स-श-द-ज आला की त. आता तूच लावून बघ. गुरु ख्रू होतो, भाषा फासा, दोष थोत आणि पुण्य बुन. आहार आहान होतो, नगर नखॉन. मांसविरतीचं मङसविरत झालं, म्हणजे शाकाहारी. धन आणि आगार मिळून थनाखान, म्हणजे बँक, आपल्या एसटीच्या आगारातलंच आगार ते. टीव्हीला थोरथत म्हणतात, म्हणजे अक्षरशः दूरदर्शन! आणि ट्रेन म्हणजे रोत फाय, रथ आणि आग, आपली आगगाडीच की.

पण सावध राहा, काही शब्दांनी अर्थ बदललाय. महावित्थयालाय म्हणजे युनिव्हर्सिटी, कॉलेज नाही. प्रथेत म्हणजे प्रदेश नाही, देश. सामी म्हणजे स्वामी-महाराज नाही तर नवरा. दारा म्हणजे तारा खरा, पण पडद्यावरचा, सिनेमानट.

दुसरा फायदा म्हणजे आपल्याला क आणि ख, त आणि थ, च आणि छ वेगळे ऐकू येतात. "काय" म्हणजे कोंबडी आणि "खाय" म्हणजे अंडं, इंग्रजीवाल्यांना यातला फरक पकडायला महिने लागतात, तुला नाही लागणार. म्हणून रोमन स्पेलिंग बंद कर. फुकेतमधला फ फुलाचा आहे, फॅनचा नाही, आणि पीएच असं लिहिलेलं बघून आपली मुलं हमखास चुकतात. वहीत देवनागरीत लिही आणि प्रत्येक शब्दावर सुराचा बाण काढ, वर, खाली, सपाट, जो असेल तो. आणि तीन महिन्यांत थाई लिपी शिकायला घे, कारण कुठला सूर लावायचा ते लिपीवरूनच कळतं. 44 व्यंजनं बघून घाबरू नकोस, त्यांचा क्रम आपल्या क-वर्ग च-वर्गासारखाच लागतो, आणि सुराच्या चार खुणांची नावं काय आहेत माहितेय? एक, थो, त्री, चत्तवा. एक, द्वि, त्रि, चतुर्.

आता बाबांसाठी. त्यांची काळजी चुकीची नाही, फक्त थाईवर नोकरी लागत नाही हे मीही म्हणेन. थाई आणि गाइडचं लायसन्स, किंवा थाई आणि हॉटेलचं काम, अशी जोडी हवी. आणि एक गोष्ट स्पष्ट सांगते, थाई भाविकांची मोठी गर्दी अजिंठ्याला नसते, ती बोधगया, सारनाथ, कुशीनगर आणि तिथून पुढे लुंबिनी या रस्त्यावर असते. बोधगयेला आणि कुशीनगरला थाई विहार आहेत, सीझन हिवाळ्याचा. तेव्हा चार-पाच महिने घराबाहेर राहायची तयारी आहे का, हे तुम्ही दोघं बसून बोला. श्रद्धेची ओढ किती आहे ते बघायचं तर फेब्रुवारी-मार्च 2024 मध्ये उत्तर प्रदेशातल्या पिप्रहव्याला सापडलेले बुद्धांचे अस्थिधातू भारतातून थायलंडला दर्शनाला नेले होते तेव्हाच्या रांगांचे व्हिडिओ बाबांना दाखव. जर्मन शिकवणारे क्लास गल्लोगल्ली आहेत आणि ते शिकलेली मुलंही खूप आहेत, अजिंठ्यावर थाईत बोलू शकणारी मराठी मुलगी मला तरी अजून भेटलेली नाही. पुढे लेव्हल दाखवायला कागद लागला तर चुलालाँगकॉर्न युनिव्हर्सिटीची परदेशी लोकांसाठी परीक्षा असते, पण ते वर्षभराने बघू.

तोवर एकच काम. 26 नंबरच्या लेण्यात महापरिनिर्वाणाची ती भलीमोठी आडवी मूर्ती आहे ना, तिला थाई लोक "फ्रा नॉन", म्हणजे पहुडलेले बुद्ध, म्हणतील. बँकॉकच्या वाट फो मंदिरात 46 मीटर लांबीचा फ्रा नॉन आहे, तो त्यांच्या मनात असतोच. त्या मूर्तीसमोर उभं राहून बोलायची दहा साधी वाक्यं तयार कर, मूर्ती मोजताना तिला "तुकडा" किंवा "नग" अर्थाचा शब्द लावू नकोस, बुद्धमूर्ती "ओङ"ने मोजतात आणि भिक्खू "रूप"ने, दोन भिक्खू म्हणजे "फ्रा सॉङ रूप". अजून एक, भिक्खूंच्या हातात बाईने थेट काही द्यायचं नसतं, तिकीट असो नाहीतर पाण्याची बाटली, समोर ठेव किंवा ग्रुपमधल्या एखाद्या पुरुषाकडे दे.

दहा वाक्यं झाली की फोनवर रेकॉर्ड करून पाठव. प्रत्येक वाक्याच्या शेवटी "खा" म्हण, मग तो खाली पडतोय की वर चढतोय ते मी ऐकून सांगते.