सात चॅनेलचा नको, पुढच्या तिघांपुरता अँप्लिफायर घ्या

होम थिएटरसाठी कोणता अँप्लिफायर घ्यावा असं तुम्ही विचारलंत, सोबत फोटोही पाठवलात. तुमचा हॉल १२ बाय १७ फुटांचा. सोफ्यापासून पुढचे स्पीकर साधारण ३ मीटरवर. पुढचे तिन्ही (डावा, सेंटर, उजवा) ४ ओहमचे (ओहम म्हणजे स्पीकरचा विजेला होणारा विरोध), ८६ डेसिबल सेन्सिटिव्हिटीचे (ठरावीक विजेवर मिळणारा आवाज). सराउंड, म्हणजे बाजूचे-मागचे, ८ ओहमचे, ८८ डेसिबलचे. रिसीव्हर (सिनेमाचा आवाज वेगवेगळ्या स्पीकरना वाटून त्यांना चालवणारा डबा) सात चॅनेलचा, '१०० वॅट' लिहिलेला. आवाज वाढवला की मारामारीच्या प्रसंगात तो कर्कश होतो आणि एकदा रिसीव्हर बंदही पडला. दुकानदार २०० वॅटचा सात चॅनेल पॉवर अँप्लिफायर घ्या म्हणतो. माझं मत स्पष्ट आहे: तो घेऊ नका. पुढच्या तीन स्पीकरांसाठी तीन चॅनेलचा चांगला अँप्लिफायर घ्या आणि सराउंड रिसीव्हरवरच राहू द्या.

का, ते आकड्यांनीच सांगतो. वॅट दुप्पट झाले की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे वॅट १० पट. त्यामुळे १०० ऐवजी २०० ही उडी कागदावर मोठी दिसते, सोफ्यावर बसून फार जाणवत नाही.

आता तुमच्या स्पीकरचे ८६ डेसिबल पाहा. हा आकडा बहुतेक वेळा २.८३ व्होल्टला, १ मीटरवर मोजलेला असतो. ८ ओहमच्या स्पीकरला २.८३ व्होल्ट म्हणजे १ वॅट, पण ४ ओहमच्या स्पीकरला तेवढेच व्होल्ट म्हणजे २ वॅट. म्हणून खरं पाहता तुमचे स्पीकर १ वॅटला ८३ डेसिबलच देतात. हा ३ डेसिबलचा फरक खरेदीच्या वेळी बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. ३ मीटर अंतरावर मोकळ्या जागेत साडेनऊ डेसिबल कमी होतात. खोलीच्या भिंती त्यातले तीनेक परत देतात असं धरू, म्हणजे निव्वळ घट साडेसहा.

सिनेमाची रेफरन्स पातळी म्हणजे मुख्य चॅनेलचे सर्वांत मोठे क्षणिक आवाज १०५ डेसिबल. कॅलिब्रेशन (माइकने मोजून स्पीकरांची पातळी जुळवणं) नीट झालं असेल तर रिसीव्हरच्या व्हॉल्यूमवर ० दिसतं ती ही पातळी. ती गाठायला तुमच्या प्रत्येक पुढच्या स्पीकरला ७०० वॅट लागतील. पण फ्लॅटमध्ये, शेजारी राहत असताना, ० वर कुणी सिनेमा पाहत नाही. उणे १० वर पाहिलं तर तेच गणित ७० वॅटवर येतं, उणे १५ वर २२ वॅटवर. तुलनेसाठी, स्पीकर ९० डेसिबलचे आणि ८ ओहमचे असते तर उणे १० ला १४ वॅट पुरले असते. पुढे कधी स्पीकर बदलणार असाल तर हा आकडा आधी बघा, तो अँप्लिफायरचे पैसे वाचवतो.

सराउंड तुमच्यापासून दीड मीटरवर आहेत. त्याच पातळीला त्यांना १० वॅटच्या आसपास पुरतात. त्यांच्यासाठी २०० वॅटचे चार चॅनेल विकत घेणं म्हणजे पैसे कपाटात कोंडून ठेवणं.

मग '१०० वॅट' असताना रिसीव्हर का दमतो? तो आकडा बहुतेक वेळा दोनच चॅनेल चालू ठेवून, ८ ओहमवर मोजलेला असतो. सातही चॅनेल एकाच ट्रान्सफॉर्मरवर जगतात. त्यात ४ ओहमचा स्पीकर दुप्पट करंट मागतो आणि काही फ्रिक्वेन्सीला त्याचा इंपीडन्स, म्हणजे ओहममधला विरोध, ४ च्याही खाली उतरतो. तुमचा रिसीव्हर बंद पडला तो याच ताणामुळे, असा माझा अंदाज आहे. आकडे वाचताना किती चॅनेल चालू होते, किती ओहमवर, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ की फक्त १ किलोहर्ट्झ, आणि डिस्टॉर्शन (आवाजात येणारी विकृती) ०.१ टक्क्याच्या आत की १० टक्के, हे सगळं लिहिलेलं असेल तरच त्या वॅटला अर्थ आहे. नव्वदच्या दशकात खोक्यांवर छापलेले 'पीएमपीओ' (फुगवून सांगितलेले क्षणिक) वॅट आठवत असतील, तर मी कशाबद्दल बोलतोय ते लक्षात येईल.

तीन चॅनेलचा अँप्लिफायर बघताना ४ ओहमला १५० ते २०० वॅट, तिन्ही चॅनेल एकदम चालू असताना, एवढं पुरे. गेन (इनपुट किती वाढवतो तो आकडा) २९ डेसिबलच्या आसपास असला तर १ व्होल्ट इनपुटला २८ व्होल्ट मिळतात, म्हणजे ४ ओहमला जवळपास २०० वॅट. १ व्होल्ट स्वच्छ देणारे प्री-आउट (बाहेरच्या अँप्लिफायरला सिग्नल देणारी मागची सॉकेट) बहुतेक बऱ्या रिसीव्हरना असतात. तुमच्या रिसीव्हरला मुळात प्री-आउट आहेत ना, हे मात्र आधी मागे वाकून पाहा. तिन्ही स्पीकर एकाच अँप्लिफायरवर ठेवा. संवाद सेंटरमधून येतात, त्याला कमी लेखून फक्त डाव्या-उजव्याला अँप्लिफायर देण्यात मला तथ्य वाटत नाही.

क्लास एबी की क्लास डी (अँप्लिफायरच्या सर्किटचे दोन प्रकार)? तुमच्यासाठी मी क्लास डी निवडेन, आणि कारण आवाजाचं नाही, उष्णतेचं आहे. चांगला क्लास डी भरपूर लोडवर ९० टक्क्यांच्या आसपास कार्यक्षम असतो. एबी नुसता चालू असला तरी तापतो. माझा पहिला पाच चॅनेलचा एबी अँप्लिफायर मी दार असलेल्या टीव्ही युनिटमध्ये ठेवला होता. मे महिन्यात दर तासाभराने तो थर्मल प्रोटेक्शनमध्ये जायचा, म्हणजे तापून आपोआप बंद व्हायचा. कंपनीच्या माणसाने दोनदा बोर्ड तपासला, दोष काहीच नव्हता. दार काढलं, वर १५ सेंटीमीटर जागा सोडली, त्रास थांबला. तुमच्या फोटोतलं युनिटही बंदच दिसतंय, म्हणून हे आवर्जून सांगतोय.

वीज: अमेरिकेतून कुणी नातेवाईक आणणार असेल तर मागच्या बाजूला २३० व्होल्टचा पर्याय आहे का ते विचारून घ्या. तिथले बरेच अँप्लिफायर फक्त १२० व्होल्टचे असतात. १६ अँपिअरच्या पॉइंटवर लावा, रिसीव्हर आणि सबवूफरही त्याच सर्किटवर घ्या, म्हणजे हमिंगची शक्यता कमी होते. तरीही गुणगुण आली तर सर्वांत आधी केबलवाल्याची जाड वायर सेट-टॉप बॉक्समधून काढून पाहा. माझ्याकडे ती काढताक्षणी शांतता झाली, आणि त्या वायरवर आयसोलेटर (गुणगुण अडवणारा छोटा जोड) लावल्यावर प्रश्न मिटला. अर्थिंगची पिन कापायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, त्यात जिवाला धोका आहे.

वायरसाठी २.५ चौरस मिलिमीटरची शुद्ध तांब्याची घ्या. १० मीटर लांबीला जाऊन-येऊन ०.१५ ओहम होतात, ४ ओहमला ते चालतं.

अँप्लिफायर येईपर्यंत दोन गोष्टी आजच करा. रिसीव्हरच्या मेनूमध्ये सगळे स्पीकर 'स्मॉल' ठेवून क्रॉसओव्हर (ज्याखालचा आवाज सबवूफरकडे जातो ती सीमा) ८० हर्ट्झ करा. खालचा जड बास स्वतःचा अँप्लिफायर असलेल्या सबवूफरकडे गेला की रिसीव्हरवरचा भार बराच उतरतो. कदाचित कर्कशपणा तेवढ्यानेच निम्मा होईल. आणि मेनूमधलं ४ ओहमचं सेटिंग लावलं असेल तर ते परत ८ वर न्या. बऱ्याच रिसीव्हरमध्ये ते फक्त आउटपुटचे व्होल्ट कमी करतं, म्हणजे आवाज आणखी लवकर फाटतो. हे करताना मात्र व्हॉल्यूम उणे १५ च्या वर नेऊ नका आणि झाकणावर हात ठेवून गरम किती होतंय ते बघत राहा.

नवा अँप्लिफायर जोडल्यावर ऑटो कॅलिब्रेशन पुन्हा चालवा, कारण पुढच्या तिघांचा गेन बदललेला असेल. त्यानंतर लेव्हलच्या पानावर तिघांचे आकडे पाहा. ते उणे १२ ला जाऊन टेकले असतील तर ती रिसीव्हरची मर्यादा आहे आणि पातळी अजून जुळलेली नाही. अँप्लिफायरच्या मागे गेनचा नॉब असेल तर तो थोडा कमी करून परत मोजा. आकडे काय येतात ते मला कळवा.