सॉल्ट लेकची क्षमता सव्वा लाखावरून ६६ हजारांवर का आणली? हा प्रेक्षकांवर अन्याय नाही का?

तुम्ही विचारलंय की, कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर १९९७ साली सव्वा लाखाहून जास्त लोक एका मॅचला बसले, मग २०१७ च्या सतरा वर्षांखालील फुटबॉल विश्वचषकासाठी नूतनीकरण करताना क्षमता ६६ हजारांच्या घरात का आणली? खुर्च्यांच्या आरामापायी निम्मे लोक बाहेर राहिले, हे बरोबर आहे का? आणि उद्या कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर असंच केलं तर काय?

मी स्थापत्य अभियंता आहे. गॅलऱ्यांची आखणी हेच माझं रोजचं काम, आणि गाव कोल्हापूर. त्यामुळे तुमच्या प्रश्नाच्या दोन्ही बाजू मला जवळच्या आहेत. माझं मत असं की ज्याला आपण आराम म्हणतो, त्यातला बराचसा भाग म्हणजे बाहेर पडायची वाट असते. तेवढ्यासाठी जागा कमी झाल्या तर तक्रार करू नये. तक्रार करायची जागा वेगळी आहे, तिच्याकडे शेवटी येतो.

आधी गणित बघू. समजा एक गॅलरी १०० मीटर लांब आणि २४ मीटर खोल आहे. जुन्या पद्धतीच्या सिमेंटच्या पायऱ्या ६० सेंटिमीटर खोलीच्या धरल्या, तर ४० पायऱ्या बसतात. माणसं खांद्याला खांदा लावून बसली तर एकाला ४० सेंटिमीटर पुरतात, म्हणजे एका पायरीवर २५०. एकूण १० हजार. आता तीच गॅलरी नव्याने आखू. पायरी ८० सेंटिमीटरची, खुर्ची ५० सेंटिमीटरची. पायऱ्या होतात ३०, प्रत्येक पायरीवर २०० खुर्च्या. एकूण ६ हजार. त्यातून चढण्या-उतरण्याच्या वाटा काढायच्या. ब्रिटनच्या नियमांप्रमाणे दोन वाटांच्या मध्ये एका ओळीत जास्तीत जास्त २८ खुर्च्या चालतात. त्या हिशेबाने सव्वा मीटरच्या आसपास रुंदीच्या सात वाटा लागतात आणि आणखी ५०० जागा जातात. राहिल्या साडेपाच हजार. गादी नाही, कप ठेवायची सोय नाही, कुणासाठी काचेची खोली नाही, तरी ४५ टक्के जागा गेल्या.

या सगळ्यात ६० चे ८० सेंटिमीटर का केले हे नीट बघा. लोकांना वाटतं गुडघ्यांसाठी. पण बसलेल्या माणसाच्या गुडघ्यांपासून पुढच्या खुर्चीच्या पाठीपर्यंत जी फट राहते, तीच ओळीतून बाहेर पडायची वाट. साठच्या पायरीवर न मिटणारी बकेट खुर्ची ठोकली की ही फट जवळपास संपते. मधल्या माणसाला बाहेर यायचं असेल तर अख्ख्या ओळीला उभं राहावं लागतं, आणि उभे राहिलेले लोकही आडवेच येतात. मध्यंतरात चहाला निघालेल्या माणसाला एवढाच त्रास होतो. धूर दिसला की त्याच ओळीत पंधरा माणसं अडकतात. उठल्यावर आपोआप मिटणारी खुर्ची बसवली की थोडी वाट मोकळी होते, म्हणून जुन्या पायऱ्या मोडता येत नसतील तर मी नेहमी तिचाच आग्रह धरतो. ती महाग असते, आणि तिच्या बिजागऱ्या आपल्या पावसात टिकवायला देखभाल लागते.

तिथून पुढे जिने. ब्रिटिश मार्गदर्शक नियमांत जिन्यावरून मिनिटाला मीटरभर रुंदीमागे ६६ माणसं उतरतात असं धरतात, आणि मॅच संपल्यावर आठ मिनिटांत गॅलरी रिकामी व्हायला हवी. १.२ मीटरच्या जिन्यावरून आठ मिनिटांत साधारण ६३० माणसं उतरतात. आपत्तीसाठी वेळ याहूनही कमी धरावा लागतो. म्हणजे वर १० हजार माणसांना बसायला जागा असली, पण जिने असे आठच असले, तर त्या गॅलरीची क्षमता पाच हजार. बसण्याची जागा, आत येण्याची दारं, बाहेर पडण्याचे रस्ते यांतला जो आकडा सगळ्यात लहान, तोच खरा. कोचीचं उदाहरण घ्या. २०१६ च्या आयएसएल (इंडियन सुपर लीग) अंतिम सामन्याला तिथे ५४,१४६ प्रेक्षक होते, आणि वर्षभरात विश्वचषकासाठी त्याच स्टेडियमची क्षमता सुरक्षेच्या कारणाने २९ हजारांच्या आसपास आणली गेली. इतक्या जागा निव्वळ खुर्च्या रुंद केल्याने जात नाहीत.

कोलकात्याला हे कुणी शिकवायची गरज नव्हती. १६ ऑगस्ट १९८० रोजी ईडन गार्डन्सवर ईस्ट बंगाल आणि मोहन बागान यांच्या मॅचमध्ये गॅलरीत हाणामारी आणि चेंगराचेंगरी झाली, १६ प्रेक्षक मेले. तो दिवस तिथे आजही पाळतात. सॉल्ट लेक उभं राहिलं १९८४ मध्ये. त्या मैदानावर १३ जुलै १९९७ च्या फेडरेशन कप उपांत्य सामन्याला, याच दोन संघांच्या मॅचला, १,३१,७८१ लोक आले. बायचुंग भूतियाने हॅटट्रिक केली, ईस्ट बंगालने ४-१ ने मॅच मारली. भारतीय फुटबॉलमधला हा आकडा अभिमानाचा आहेच, आणि तो पुन्हा कधी दिसणार नाही याची हळहळ मलाही वाटते. पण त्या दिवशी सगळे सुखरूप घरी गेले म्हणून तीच पद्धत सुरक्षित होती असं मी मानणार नाही. २०१७ च्या अंतिम सामन्याला ६६,६८४ लोक होते. दोन गोलांनी मागे पडलेल्या इंग्लंडने स्पेनला ५-२ हरवलं, आणि आवाजात काही कमी नव्हतं. (भारत या विश्वचषकात पहिल्यांदाच खेळला आणि त्या संघात आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता, हे इथे लिहिल्याशिवाय राहवत नाही.)

आता दिसण्याबद्दल. समोरच्याच्या डोक्यावरून तुमची नजर किती सेंटिमीटर वरून जाते यावर सगळं अवलंबून असतं. १२ उत्तम, ९ चांगलं, ६ च्या खाली गेलं की मान वाकडी करत मॅच बघावी लागते. गंमत अशी की पायरी खोल केली आणि उंची तीच ठेवली, तर हा आकडा घसरतो. म्हणून उंचीही वाढवावी लागते. ३४ अंशांपेक्षा जास्त चढ ब्रिटनमध्ये चालत नाही, म्हणजे ८० सेंटिमीटरच्या पायरीला जास्तीत जास्त ५४ सेंटिमीटर उंची. त्याने गॅलरी उंच होते, छप्पर वर जातं, खर्च वाढतो. भोवती शर्यतींची धावपट्टी असलेल्या मैदानात, जसं सॉल्ट लेक आहे, प्रेक्षक आधीच लांब असतो, त्यामुळे सगळ्यात वरच्या जागा आणखी दूर जातात.

मग माणसं जास्त मावावीत यासाठी काहीच करता येत नाही का? येतं. जर्मनीत ते केलंय. डॉर्टमुंडच्या दक्षिण गॅलरीत सुमारे २५ हजार लोक उभे राहून मॅच बघतात, आणि लीगच्या मॅचला स्टेडियमची क्षमता ८१,३६५ असते. युरोपीय स्पर्धांत बराच काळ सगळ्यांना खुर्ची सक्तीची होती, तेव्हा तिथेच खुर्च्या बसवून क्षमता ६६ हजारांच्या आसपास यायची. इंग्लंडने वेगळा रस्ता धरला. १९८९ मध्ये शेफिल्डच्या हिल्सबरो स्टेडियमवरच्या चेंगराचेंगरीत ९७ जण गेले, त्यानंतर चौकशीचा टेलर अहवाल आला आणि लीगच्या वरच्या दोन श्रेणींतल्या संघांच्या मैदानांवर उभं राहण्याच्या गॅलऱ्या बंद झाल्या. त्या दिवशी माणसं मेली ती जाळीच्या कोंडवाड्यात प्रमाणाबाहेर गर्दी सोडल्यामुळे. नुसतं उभं राहिल्याने कुणी मरत नाही. दर काही पायऱ्यांवर कठडे, प्रत्येक विभागाला वेगळं दार आणि मोजून सोडलेली माणसं असतील, तर उभं राहून मॅच बघणं सुरक्षित असतं. इंग्लंडनेही २०२२ पासून कठडे लावून उभं राहायच्या जागांना परवानगी दिली, पण एका खुर्चीच्या जागेत एकच माणूस या अटीवर, त्यामुळे तिथे क्षमता वाढत नाही.

अन्याय कुठे होतो ते आता सांगतो. रिओच्या माराकाना स्टेडियमवर १९५० च्या विश्वचषकाच्या निर्णायक मॅचला १,७३,८५० तिकिटं विकली गेली होती. मैदानालगत ‘जेराल’ नावाचा उभ्याचा भाग होता, सगळ्यात स्वस्त, कष्टकऱ्यांचा. तो २००५ मध्ये बंद झाला. आज क्षमता ७८ हजारांच्या आसपास आहे. सुरक्षेसाठी संख्या उतरली, ते ठीक. पण ज्याच्या खिशात कमी पैसे होते त्याची जागा आधी गेली. लंडनच्या एमिरेट्स स्टेडियममध्ये ६० हजारांतल्या सुमारे ७ हजार जागा मधल्या मजल्यावर महागड्या क्लब गटाच्या आहेत. नूतनीकरणात क्षमता घटते, तेव्हा उरलेल्या जागांचा दर कोण ठरवतो आणि सगळ्यात स्वस्त तिकिटाच्या किती जागा ठेवल्या, हे विचारायला हवं. गाद्यांच्या खुर्च्यांसाठी आणि पाहुण्यांच्या खोल्यांसाठी स्वस्त गॅलरी आक्रसली, तर मी तुमच्याच बाजूने भांडेन.

शाहू स्टेडियमवर पीटीएम (पाटाकडील तालीम मंडळ) विरुद्ध शिवाजी तरुण मंडळ अशी मॅच असली की पायऱ्यांवर माणसं कशी बसतात हे ज्याने पाहिलंय त्याला सांगायला नको. मागच्याचे गुडघे आपल्या पाठीत, आपले पुढच्याच्या. तिथे कुणी नूतनीकरणाचा विषय काढला, तर आधी दारं आणि जिन्यांची रुंदी मोजून घ्यायला लावा, आणि त्यावरून निघालेली क्षमता फलकावर लिहायला लावा. गोलामागच्या गॅलरीत खुर्च्या बसवूच नयेत असं माझं मत आहे. तिथे पायऱ्याच ठेवाव्यात, कठडे घालावेत आणि तिकीट सगळ्यात कमी ठेवावं. मिटणाऱ्या खुर्च्या लांबीच्या बाजूला, म्हाताऱ्या माणसांसाठी आणि लेकरं घेऊन येणाऱ्यांसाठी. पेठांतल्या तालमी आणि संघ या बैठकीला असलेच पाहिजेत, कारण गॅलरी भरते ती त्यांच्याच माणसांनी.