उन्हाळ्याच्या सुट्टीत निरनिराळे व्हिडिओ गेम खेळायचे असतील, तर निवड कशी करावी?

परीक्षा संपल्यावर मिळणाऱ्या महिना-दीड महिन्याच्या सुट्टीत एकाच गेमला चिकटून न राहता वेगवेगळे गेम खेळायचे आहेत, लॅपटॉपला स्वतंत्र ग्राफिक कार्ड (भारी गेमची चित्रे वेगाने उमटवणारा भाग) नाही आणि घरी मामेभावंडेही राहायला येणार आहेत, असे तुम्ही लिहिले आहे. मी नागपुरात राहतो. इथे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि सकाळी अकरापासून सूर्य कलेपर्यंत घराबाहेर पडण्याचा प्रश्नच येत नाही, त्यामुळे सुट्टीतले गेम हा माझ्यासाठी मुख्यतः दुपारचा विषय आहे. पुढचे उत्तर त्याच अंगाने लिहितो आहे.

वैविध्य गेमच्या प्रकारांवरून मोजू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. नेमबाजीचा एक, शर्यतीचा एक आणि साहसकथेचा एक असे तीन भव्य गेम उतरवून घेतले, तर यादी वैविध्यपूर्ण दिसते खरी; परंतु तिन्ही गेम तुमच्याकडून एकच गोष्ट मागतात, ती म्हणजे सलग चाळीस-पन्नास तास, आणि सुट्टी संपते तेव्हा तिन्ही अर्धवट पडलेले असतात. त्याऐवजी गेम आपल्याकडून काय मागतो ते पाहावे. काही गेम हाताची चपळाई मागतात, काही डोके, काही फक्त सवड, तर काहींना शेजारी बसलेले दुसरे माणूस लागते. संपूर्ण सुट्टीसाठी लांब पल्ल्याचा गेम एकच ठेवावा आणि बाकीचे एक-दोन दुपारींत संपणारे असावेत.

लांब पल्ल्यासाठी मी ‘स्टारड्यू व्हॅली’ सुचवेन. २०१६ साली आलेला हा शेतीचा गेम एरिक बॅरोन या एकट्या माणसाने तयार केला, चित्रे आणि संगीतासह. त्यातील प्रत्येक ऋतू २८ दिवसांचा असतो आणि गेममधला एक दिवस आपल्या घड्याळाने साधारण चौदा मिनिटांत संपतो, म्हणून जेवणाआधीच्या अर्ध्या तासातही दोन दिवसांचे काम उरकता येते. साध्या लॅपटॉपवर तो सहज चालतो. मात्र एक गोष्ट लक्षात ठेवावी: या गेममध्ये प्रगती जतन होते ती दिवस संपवून झोपल्यावरच, मधल्या वेळी नाही. डेस्कटॉपवर खेळणाऱ्याची वीज दुपारी तीन वाजता गेली, तर त्या दिवसाची सगळी नांगरणी आणि मासेमारी पाण्यात जाते. तुमच्या लॅपटॉपची बॅटरी तग धरत असेल, तर ही चिंता तुम्हाला नाही.

डोक्याच्या गेमांत माझी पहिली पसंती ‘रिटर्न ऑफ द ओब्रा डिन’ या गेमला आहे आणि त्याविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण आपल्याकडे त्याची चर्चा फारशी कानावर येत नाही. लुकास पोप यांचा हा गेम २०१८ सालचा आहे. ईस्ट इंडिया कंपनीचे एक बेपत्ता झालेले जहाज १८०७ साली इंग्लंडच्या किनाऱ्याला परत लागते, त्यावर जिवंत कोणीही नसते, आणि विमा तपासनीस म्हणून तुम्ही त्यावर चढता. (दहाच वर्षांनी, १८१७ साली, याच कंपनीची फौज आमच्या सीताबर्डीच्या टेकडीवर भोसल्यांच्या सैन्याशी लढली, खेळताना हा विचार माझ्या मनातून जात नाही.) तुमच्याजवळ एक खिशातले घड्याळ असते, ते मृतदेहापाशी उघडले की त्या माणसाच्या मरणाचा क्षण गोठलेल्या देखाव्यासारखा समोर उभा राहतो आणि त्यात हिंडून पाहता येते. जहाजावरील साठ जणांपैकी प्रत्येकाचे नाव काय आणि त्याचे पुढे काय झाले, हे तुम्ही वहीत भरायचे असते. कोणाचा पोशाख कसा आहे, कोण कोणत्या भाषेत बोलतो, कोणाची झोपायची झोळी कोणत्या क्रमांकाची आहे, अशा बारकाव्यांवरून ओळख पटवावी लागते. तीन जणांची माहिती बरोबर भरली गेली तरच गेम तिला दुजोरा देतो, त्यामुळे नुसत्या अंदाजांवर फार पुढे जाता येत नाही. चित्रण जवळजवळ दोनच रंगांत आहे आणि लॅपटॉपवर त्याचा विशेष भार पडत नाही. हा गेम एकट्याने खेळण्यापेक्षा दोघा-तिघांनी एका पडद्यासमोर बसून, कागद-पेन घेऊन, वाद घालत खेळावा. गेमकडे एरवी ढुंकूनही न पाहणारी मोठी माणसे अशा तपासात रमतात, हा माझा अनुभव आहे. मात्र मृत्यूचे देखावे रक्तरंजित असल्यामुळे लहान भावंडांना त्या वेळी दुसऱ्या खोलीत पाठवणे बरे.

हाताच्या चपळाईसाठी ‘सेलेस्ट’ घ्यावा. २०१८ सालच्या या गेममध्ये डोंगर चढायचा असतो आणि प्रत्येक टप्पा जेमतेम एका पडद्याएवढा असतो. पडलात तर क्षणार्धात पुन्हा त्याच जागी उभे राहता. अवघड वाटल्यास वेग कमी करण्याची किंवा न मरण्याची सोय त्यातच दिलेली आहे आणि ती वापरण्यात काहीही कमीपणा नाही. डोंगरच चढायचा, पण घाम न गाळता, असे वाटत असेल तर ‘अ शॉर्ट हाइक’ आहे. त्यातील छोटी पक्षीण फोनला रेंज मिळावी म्हणून शिखराकडे निघते आणि दीड-दोन तासांत सगळी गोष्ट पूर्ण होते. नागपूरकर उन्हाळ्यात चिखलदऱ्याला जातात. ज्यांना जमत नाही त्यांनी ती दुपार या गेमला द्यावी.

मामेभावंडांसाठी ‘ओव्हरकुक्ड’ पुरेसा आहे. दोन ते चार जणांनी मिळून स्वयंपाकघर चालवायचे, एकाने चिरायचे, दुसऱ्याने शिजवायचे, तिसऱ्याने भांडी घासायची आणि सगळ्यांनी एकमेकांवर ओरडायचे, एवढाच त्याचा मामला आहे. एक जण कीबोर्डवर खेळला तरी बाकीच्यांसाठी कंट्रोलर असलेले बरे. सीताबर्डीच्या बाजारात स्वस्त वायरवाले कंट्रोलर मिळतात, पण ते दुकानातच संगणकाला जोडून प्रत्येक बटण दाबून पाहावेत. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० साली आणलेला ‘राजी’ हा गेमही भावंडांना आवडतो. असुरांनी पळवलेल्या भावाला शोधणाऱ्या मुलीची ती कथा आहे. लढाया काही वेळाने एकसुरी होतात, तरी भिंतींवरच्या चित्रांतून सांगितलेल्या पौराणिक कथांसाठी तो पाहण्याजोगा आहे. तुमच्या लॅपटॉपवर तो कितपत चालतो, ते विकत घेण्यापूर्वी तपासावे लागेल.

त्यासाठी स्टीम या गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानाचा परताव्याचा नियम कामाला येतो. खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असल्यास गेमचे पैसे परत मागता येतात. एपिक गेम्स स्टोअरवर आठवड्याला एक तरी गेम फुकट मिळतो, आपल्याकडे तो गुरुवारी रात्री बदलतो. घेऊन ठेवण्यास हरकत नाही, मात्र फुकट मिळाला म्हणून खेळलाच पाहिजे असे नाही.

आता उष्णतेविषयी, कारण इथे ती गेमच्या निवडीइतकीच महत्त्वाची आहे. बहुतेक लॅपटॉप भोवतालचे तापमान ३५ अंशांपर्यंत असेल असे गृहीत धरून बनवलेले असतात आणि नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या सर्वांत कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, आमच्या वरच्या मजल्यावरच्या खोल्या ती मर्यादा रात्रीसुद्धा ओलांडतात. प्रोसेसर तापला की तो स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो आणि गेम अडखळू लागतो. पुष्कळजण त्याचे खापर गेमवर फोडतात. लॅपटॉप गादीवर न ठेवता टेबलावर ठेवावा, खालची जाळी मोकळी राहील एवढी मागची बाजू उचलावी आणि गेमच्या सेटिंगमध्ये फ्रेमची (दर सेकंदाला पडद्यावर उमटणाऱ्या चित्रांची) मर्यादा ६० वर, जमल्यास ३० वर आणावी. वर सांगितलेल्या शेतीच्या किंवा तपासाच्या गेममध्ये फ्रेम कमी केल्याने काहीच बिघडत नाही. ‘सेलेस्ट’मध्ये मात्र ६० राहू द्याव्यात. कूलरचा झोत थेट लॅपटॉपवर घेऊ नये, त्या हवेत बाष्प असते. कूलर खोली थंड करील अशा रीतीने खिडकीत असावा आणि समोरचे दार थोडे उघडे ठेवावे, नाहीतर दमटपणा वाढून गारवा उलट कमी होतो.

खरेदीची घाई नसेल, तर स्टीमची उन्हाळी सवलत बहुधा जूनच्या अखेरीस सुरू होते. विदर्भातल्या शाळाही नेमक्या त्याच सुमारास उघडतात, त्यामुळे भावंडांसोबत खेळायचा ‘ओव्हरकुक्ड’ तेवढा आधीच पूर्ण किमतीला घ्यावा आणि एकट्याने खेळायचे गेम इच्छायादीत टाकून ठेवावेत.