‘आता या वयात कशाला?’

प्रिय ताई,

चार वर्षांपूर्वी कॅन्सरमुळे तुमचा डावा स्तन काढला, केमो झाली, रेडिएशन झालं. आता ४७ व्या वर्षी इम्प्लांट बसवून घ्यावंसं वाटतंय. सासूबाई म्हणतात, ‘जीव वाचला ना, आता या वयात कशाला?’ आणि मिस्टर म्हणतात, ‘मला काही फरक पडत नाही.’

पण तुम्हाला पडतो ना? बसमध्ये वरची दांडी धरली की ब्लाउजमधली रुमालाची घडी सरकते, म्हणून तुम्ही उभ्याने प्रवासच टाळता, असं लिहिलंय तुम्ही. मला एवढं पुरेसं आहे. कोणाला पटवून द्यायची गरजच नाही.

उशीर मुळीच झालेला नाही. स्तनाची पुनर्रचना, म्हणजे तो पुन्हा घडवणं, कित्येक वर्षांनीही करता येते. मला काळजी वाटते ती रेडिएशनची. त्याने कातडी आखडते. इम्प्लांटसाठी आधी एक्स्पांडर नावाची पिशवी आत बसवतात, दर एक-दोन आठवड्यांनी सुईने सलाइन भरून कातडी हळूहळू ताणतात आणि काही महिन्यांनी दुसऱ्या ऑपरेशनात इम्प्लांट घालतात. रेडिएशन झालेल्या कातडीला हा ताण सोसेलच असं नाही. जंतुसंसर्ग होणं, जखम उघडणं, इम्प्लांटभोवती कडक आवरण धरून दुखणं, हे सगळं अशा बायकांमध्ये जास्त होतं. म्हणून पुष्कळ सर्जन स्तन घडवायला पोटाची चरबी-कातडी किंवा पाठीचा स्नायू वापरायला सुचवतात, कधी छातीवर आणलेल्या पाठीच्या स्नायूखाली इम्प्लांट. ऑपरेशन मोठं होतं, नवा व्रण येतो, तरी तुमच्या बाबतीत त्याचा विचार आधी व्हावा असं मला वाटतं. प्लास्टिक सर्जनना पहिला प्रश्न हाच विचारा.

इम्प्लांट जन्मभर पुरेलच असं नसतं, पुढे बदलावं लागू शकतं. पूर्वीसारखा स्पर्श कळत नाही, हेही मनाशी धरून चला. खडबडीत पृष्ठभागाची काही इम्प्लांट लिम्फोमा नावाच्या कॅन्सरच्या एका दुर्मीळ प्रकारामुळे २०१९ मध्ये जगभरातून परत मागवली गेली. तेव्हा कोणतं घालणार ते विचारा आणि त्याची माहिती असलेलं कार्ड जपून ठेवा.

विमा कंपनीने ‘कॉस्मेटिक’ म्हणून हात वर केले तर पॉलिसी काढून बसा. कॉस्मेटिक सर्जरी वगळणाऱ्या कलमातच कॅन्सरनंतरच्या पुनर्रचनेचा अपवाद दिलेला असतो.

मिस्टर मायेनेच बोलले असतील. त्यांना सांगा, ‘बरं वाटलं ऐकून, पण मला पडतो,’ आणि सर्जनकडे सोबत न्या. तिथलं सगळं एकटीच्या लक्षात राहत नाही. वहीत लिहून घ्यायचं काम त्यांच्याकडे द्या. सासूबाईंना इतक्यात समजावत बसू नका. तुमचं ठरलं की सांगा.